औषध वृद्धांना, चाचणी इतरांवर

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेचे दार सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, उघडे केले. सरकारी अंदाजानुसार सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी वृद्धांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण यातून मिळावयाचे आहे. उत्पन्नाची चाळणी न लावता एखादा हक्क सर्वांना मिळावा, हे तत्त्व समाजवादी चळवळ प्रथमपासून मांडत आली आहे. तेव्हा तत्त्वाचे स्वागत करण्यास अडचण नाही. योजनेवर जी चर्चा झाली ती मुख्यतः कार्ड मिळण्यातील दिरंगाई, खाजगी रुग्णालयांची टाळाटाळ आणि थकलेली देयके यांच्याभोवती फिरत राहिली. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याही आधीचा एक प्रश्न या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. सार्वजनिक पैशातून जे उपचार वृद्धांसाठी विकत घेतले जाणार आहेत, ते सत्तरी ओलांडलेल्या शरीराला उपकारक ठरतात, हे कशावरून?

प्रश्न उद्धट वाटण्याचा संभव आहे. औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी होते, सरकार त्याला परवाना देते आणि अनुभवी डॉक्टर ते लिहून देतात. मग आणखी पुरावा कसला हवा, असे कोणीही म्हणेल. पण चाचणी कोणावर झाली, ती कोणी केली आणि तिच्यात काय मोजले गेले, हे तीन प्रश्न विचारताच वृद्धांच्या बाबतीत पुराव्याची ही भक्कम दिसणारी इमारत अनेक ठिकाणी पोकळ असल्याचे ध्यानात येते. आणि ही पोकळी निसर्गाने निर्माण केलेली नाही. तिच्यामागे अर्थकारण आहे.

चाचणीतून वगळलेले गिऱ्हाईक

नव्या औषधाची कसोटी घेण्याची सर्वमान्य रीत अशी. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावयाचे. एका गटाला औषध द्यावयाचे, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी किंवा प्रचलित उपचार द्यावयाचा, आणि ठरावीक काळाने दोन्ही गटांची तुलना करावयाची. रीत निर्दोष आहे. दोष आहे तो गटात कोणाला घ्यावयाचे या निवडीत. वय अमुक वर्षांच्या आत असावे, मूत्रपिंडाचा विकार नसावा, इतर गंभीर आजार नसावेत, अमुक औषधे चालू नसावीत, स्मरणशक्ती शाबूत असावी आणि तपासणीसाठी रोग्याला स्वतः येता यावे, अशा अटींची यादी जसजशी लांबत जाते, तसतसा प्रत्यक्षातला वृद्ध तिच्यातून गळत जातो. ज्याला रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि मोतीबिंदू हे चारही विकार आहेत आणि जो दिवसाला आठ गोळ्या घेतो, असा म्हातारा सरकारी रुग्णालयाच्या रांगेत पावलोपावली भेटेल. चाचणीच्या यादीत मात्र तो क्वचितच सापडेल.

ज्याला औषध विकावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. वृद्ध रोगी चाचणी अर्धवट सोडण्याचा संभव अधिक, दुसऱ्याच कारणाने दगावण्याचा संभव अधिक आणि औषधाचे दुष्परिणाम उघड होण्याचा संभव तर सर्वांत अधिक. तरुण व निरोगी शरीरावर निकाल स्वच्छ आणि लवकर मिळतो. एकदा परवाना हाती आला की विक्रीला मात्र वयाची अट राहत नाही. उलट दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक वृद्धच असतात. लाभ विक्रेत्याचा आणि जोखीम ग्राहकाची, ही विभागणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. येथे ती माणसाच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर लादली जाते, एवढेच.

या जोखमीचे स्वरूप १९८० ते १९८२ या काळात ब्रिटनने पाहिले. सांधेदुखीवरचे बेनॉक्साप्रोफेन हे औषध एली लिली कंपनीने १९८० साली तेथे ‘ओप्रेन’ या नावाने मोठा गाजावाजा करून बाजारात आणले. सांधेदुखी हा प्रामुख्याने उतारवयातला विकार. पण तरुणांच्या शरीरातून हे औषध ज्या वेगाने बाहेर पडते, त्याच्या कितीतरी मंद गतीने ते वृद्धांच्या शरीरातून बाहेर पडते, आणि रोजच्या गोळीगणिक ते आत साचत जाते. मे १९८२ मध्ये वृद्ध स्त्रियांच्या यकृतबिघाडाने झालेल्या मृत्यूंचे वृत्त उत्तर आयर्लंडमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आणि ऑगस्टमध्ये औषध मागे घेण्यात आले. तोपर्यंत साठाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती व त्यांतील बहुतेक वृद्ध होते. ज्यांच्यासाठी औषध होते त्यांच्यावरच ते नीट तपासले गेले नव्हते.

यानंतर नियम झाले नाहीत असे नाही. १९९३ साली अमेरिका, युरोप आणि जपान यांच्या औषध-नियंत्रकांनी वृद्धांचा चाचण्यांत समावेश करण्याविषयी समान मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारताच्या २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांतही, रोग वार्धक्याचा असेल तर तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत वृद्धांना अर्थपूर्ण संख्येने घ्यावे, असे म्हटले आहे. ‘अर्थपूर्ण’ म्हणजे किती, हे मात्र सांगितलेले नाही. आणि ज्या नियमात आकडा नसतो त्याचा अर्थ लावण्याचे काम बलवान पक्षाकडे जाते. नियम असूनही पोकळी कशी उरते याचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असावे. करोनाच्या साथीत मृत्यूचा सर्वाधिक धोका वृद्धांना होता. तरीही ऑक्सफर्ड विद्यापीठ व अॅस्ट्राझेनेका यांच्या लशीच्या चाचण्यांत पासष्टीच्या पुढची माणसे इतकी थोडी होती की, जानेवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या लसीकरण समितीने ही लस चौसष्ट वर्षांपर्यंतच्या लोकांनाच देण्याची शिफारस केली. मार्चच्या आरंभी ती मर्यादा उठली आणि मार्चअखेर, तरुणांत आढळलेल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे, हीच लस साठीच्या पुढच्यांसाठी राखून ठेवण्यात आली! पुण्यात ‘कोविशील्ड’ म्हणून तयार होणाऱ्या याच लशीने भारतातील साठीपुढच्यांचे लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले. जर्मन समितीची ही धरसोड अज्ञानातून आली नव्हती. ज्यांना मरणाची भीती सर्वांत मोठी त्यांच्याविषयीची माहिती सर्वांत शेवटी गोळा केली गेली, त्याचा तो परिणाम होता.

चांगल्या औषधाचीही हीच गोष्ट आहे. हृदयाची शक्ती क्षीण होत गेलेल्या रोग्यांना स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या व स्वस्त औषधाने जीवदान मिळते, हे १९९९ साली एका उत्तम चाचणीने दाखवून दिले. मृत्यू शेकडा ३० नी घटले. त्या चाचणीतील रोग्यांचे सरासरी वय ६५ होते, मूत्रपिंडे बरी असलेलेच रोगी निवडले होते आणि त्यांच्या रक्ताची तपासणी वरचेवर होत होती. निकाल प्रसिद्ध होताच कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात डॉक्टर हे औषध याहून वृद्ध व अधिक दुर्बल रोग्यांना सर्रास देऊ लागले. रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला गेल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अशा रोग्यांत १९९४ साली हजारी २.४ होते, ते २००१ साली हजारी ११ वर गेले. मृत्यूही वाढले. औषध खोटे नव्हते. ज्यांच्यावर ते तपासले ती माणसे वेगळी आणि ज्यांना ते दिले ती वेगळी, यात सारा अनर्थ होता. हा अनर्थ उघडकीस येऊ शकला, कारण ऑन्टॅरिओत आरोग्यसेवा सार्वजनिक आहे आणि तिच्या नोंदी एकत्र तपासता येतात.

पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो

यावरून वृद्धांना औषधे कमीच द्यावीत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. पुराव्याचा आग्रह म्हणजे उपचार नाकारण्याची पळवाट नव्हे. “आता वय झाले, कशाला औषध?” हे वाक्य गरीब वृद्धांना आपल्याकडे फार सहजपणे ऐकविले जाते, आणि त्यालाही पुरावा नसतो.

ऐंशी वर्षांवरील माणसाचा रक्तदाब औषधाने उतरवावा की नाही, याविषयी वैद्यकात दीर्घकाळ मतभेद होता. औषधाने पक्षाघात टळतील पण इतर कारणांनी मृत्यू वाढतील, अशी शंका होती. हा वाद तर्काने सुटणारा नव्हता. अखेरीस युरोप, चीन, ऑस्ट्रेलिया व ट्युनिशिया येथील ऐंशी वर्षांवरील ३,८४५ रोग्यांवर रीतसर चाचणी झाली व २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंडापामाइड हे साधे औषध आणि गरज पडल्यास त्याला दुसऱ्या गोळीची जोड, एवढ्या उपचाराने पक्षाघात सुमारे शेकडा ३० नी आणि एकूण मृत्यू शेकडा २१ नी कमी झाले. वय झाले म्हणून उपचार थांबविणे चूक होते, हे ठरले. ज्यांचे स्मृतिभ्रंशाने सर्व काही दुसऱ्यावर अवलंबून आहे अशांना या चाचणीत घेतलेले नव्हते. त्यांच्यापुरता प्रश्न तेव्हाही खुला राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

उलट दिशेचे उदाहरण अॅस्पिरिनचे. ज्यांना हृदयविकार कधी झालेलाच नाही अशा लक्षावधी निरोगी वृद्धांनी रोज एक लहान गोळी ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून घ्यावी, हा समज वर्षानुवर्षे जगभर रूढ होता. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील, बहुतेक सत्तरीपुढच्या, १९,११४ निरोगी व्यक्तींवर सार्वजनिक निधीतून झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. स्मृतिभ्रंश आणि अपंगत्व यांवाचून जगण्याचा काळ गोळीने वाढला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र शेकडा २.८ वरून ३.८ वर गेले. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी बंद करता कामा नये. पण निरोगी वृद्धाला ती देणे म्हणजे त्याच्या पैशाने त्याचीच जोखीम वाढविणे होय.

निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांचीही कसोटी लागली. वर्षातून एकदाच ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली तर हाडे मोडणे टळेल, अशी अपेक्षा होती. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर वर्षाला पाच लाख युनिटांची मात्रा देऊन पाहिली. २०१० साली निष्कर्ष आला की मात्रा मिळालेल्या स्त्रिया शेकडा १५ नी अधिक पडल्या आणि त्यांची हाडे शेकडा २६ नी अधिक मोडली. आपल्याकडे याच जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटांच्या पुड्या औषधाच्या दुकानातून सहज नेल्या जातात. त्या कोणी, किती आणि किती काळ घ्याव्यात, याचा विचार करण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते.

ज्याची विक्री नाही त्याची चाचणी नाही

वरील चाचण्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील औषधे जुनी, स्वस्त आणि एकाधिकाराच्या बाहेर गेलेली होती. अशा औषधाविषयीचा खरा प्रश्न विचारण्यात कोणत्याही भांडवलदाराला स्वारस्य नसते. तो प्रश्न सार्वजनिक पैशाने किंवा लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थांच्या पुढाकाराने विचारला गेला, तेव्हाच उत्तर मिळाले.

वृद्धांना ज्याची खरी गरज असते त्यातले बरेच तर औषधच नसते. म्हातारपणी पडणे हे साधे संकट नव्हे. खुबा मोडला की स्वतंत्र हिंडणे-फिरणे संपते आणि अनेकांच्या बाबतीत ती अखेरची सुरुवात ठरते. तोल सावरण्याचे आणि पायांत बळ आणणारे साधे व्यायाम नियमितपणे केले तर पडण्याचे प्रमाण शेकडा २३ नी घटते, हे २३,४०७ व्यक्तींचा समावेश असलेल्या १०८ चाचण्या एकत्र तपासून २०१९ साली सिद्ध झाले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांपैकी काहींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लगेच केली व इतरांना नेहमीच्या प्रतीक्षायादीत ठेवले. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांचे पडणे शेकडा ३४ नी कमी झाले. हा निष्कर्ष २००५ सालचा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २०१४ साली याहूनही साधा प्रयोग यशस्वी झाला. वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या ३०३ वृद्धांपैकी निम्म्यांना, गोळीचे धोके व ती हळूहळू कमी करण्याची रीत समजावणारी एक पुस्तिका देण्यात आली. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांतील शेकडा २७ जणांनी गोळी पूर्णपणे सोडली; न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ५ होते. व्यायामाला एकस्व मिळत नाही आणि गोळी बंद करण्यातून कोणाचा गल्ला भरत नाही. म्हणून या उपचारांची जाहिरात करण्यासाठी कोणीही प्रतिनिधी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहत नाही.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. स्मृतिभ्रंशावरील अडुकानुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या निष्फळ ठरणार असे दिसून मार्च २०१९ मध्ये थांबविण्यात आल्या. नंतर आकड्यांची फेरमांडणी करून कंपनीने परवाना मागितला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रतिकूल मत दिले, तरीही जून २०२१ मध्ये परवाना मिळाला. वर्षाला ५६ हजार डॉलर किंमत ठरविण्यात आली आणि समितीच्या तीन सदस्यांनी निषेधार्थ राजीनामे दिले. तेथील वृद्धांच्या सार्वजनिक विमा योजनेने, चाचणीत सहभागी असलेल्यांखेरीज इतरांसाठी या औषधाचा खर्च उचलण्यास २०२२ साली नकार दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने औषधाचा नाद सोडल्याचे जाहीर केले. सार्वजनिक खरेदीदाराने पुरावा मागितला की बाजाराची मिजास कशी उतरते, हा या प्रकरणाचा धडा भारताने घेण्यासारखा आहे.

शस्त्रक्रियाही या कसोटीतून सुटलेल्या नाहीत. हाडे ठिसूळ होऊन मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धत जगभर लोकप्रिय झाल्यानंतर, २००९ साली दोन चाचण्यांनी तिची तुलना नुसत्या सुई टोचण्याच्या लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी केली. वेदना दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांचे पैसे देते. बाह्यरुग्ण विभागातील सल्ला, महिन्याची औषधे, श्रवणयंत्र, व्यायाम शिकविणारा फिजिओथेरपिस्ट यांचे देत नाही. म्हणजे जेथे शस्त्रक्रियेचा मोह सर्वांत मोठा, तेथेच पैसा वाहणार, आणि जेथे कमी खर्चात खात्रीचा लाभ, तेथे वृद्धाने खिशात हात घालावयाचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ तेवढाच राहिला. ज्या विधवा शेतमजूर स्त्रीचे उत्पन्न या वेतनाच्या आसपास घुटमळते, तिच्या औषधाच्या चिठ्ठीवरील एक निरुपयोगी गोळी म्हणजे तिच्या ताटातली भाकरी असते.

रुग्णालयातच पुरावा

यावर उपाय परक्या देशांच्या निष्कर्षांची नक्कल करणे हा नव्हे. तेथील वृद्ध खुर्चीवर बसतो, येथील जमिनीवर. तेथील वृद्धाच्या घरी उष्णता यंत्राने नियंत्रित असते, येथील वृद्ध विदर्भाच्या उन्हाळ्यात लघवी वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन शेताच्या बांधावर बसतो. त्याचे वजन, आहार, आधीचे क्षय व हिवताप यांसारखे आजार, हे सारे निराळे आहे. भारतातील वृद्धांची स्थिती काय, हे मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीने सांगितले. पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची माहिती तिने गोळा केली. कोणाला काय झाले आहे हे पाहणीवरून कळते. त्यावर कोणता उपचार लागू पडतो हे मात्र चाचणीवाचून कळत नाही.

आणि चाचणी करण्याची परंपरा या देशाला नवी नाही. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवल्याखेरीज तो बरा होणार नाही, असे जगभर मानले जात असताना, १९५६ पासून मद्रास येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी गरीब वस्तीतील रोग्यांचे दोन गट पाडले. निम्मे आरोग्यधामात, निम्मे आपापल्या खोपटात. १९५९ साली निष्कर्ष आला की घरी औषध घेणारे अपुऱ्या अन्नावर व दाटीवाटीत राहूनही जवळजवळ तितकेच बरे झाले. कोट्यवधी गरिबांना क्षयोपचार परवडण्याजोगा करणारा हा पुरावा होता. महाराष्ट्रात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबविली, ४७ गावांशी तिची तुलना केली आणि नवजात मृत्यू शेकडा ६२ नी घटल्याचे १९९९ साली दाखविले. त्याच भागातील पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. जे पाळण्यातल्या बालकासाठी शक्य झाले, ते खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी अशक्य असण्याचे कारण नाही.

सार्वजनिक आरोग्यसेवा ही पुरावा निर्माण करणारी सर्वांत मोठी शक्ती असते, याचा प्रत्यय ब्रिटनने २०२० साली दिला. मार्चमध्ये सुरू झालेली एक चाचणी राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या १७६ रुग्णालयांत पसरली. तिला वयाची वरची मर्यादा नव्हती. तीन महिन्यांच्या आत कळले की डेक्सामेथासोन हे जुने व अल्पमोली औषध, श्वसनयंत्रावर असलेल्या करोनाग्रस्तांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते. आणि ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना त्याचा लाभ होत नाही, हेही कळले. नफ्यावर चालणाऱ्या, एकमेकींपासून तुटलेल्या रुग्णालयांना हे साधले नसते. ज्या आर्ची कॉक्रन यांच्या नावाने आज वैद्यकीय पुराव्याची जागतिक संघटना ओळखली जाते, ते तरुणपणी स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवेसाठी गेले होते. जो उपचार परिणामकारक आहे तो मोफत असलाच पाहिजे, अशा आशयाचा फलक घेऊन ते लंडनच्या रस्त्यावर चालले होते. या मागणीचे दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे आहेत. ‘मोफत’ हा शब्द चळवळीने उचलला. ‘परिणामकारक’ हा शब्द मात्र तिने तज्ज्ञांवर सोपविला आणि तज्ज्ञांनी तो बऱ्याच अंशी बाजारावर.

आक्षेप आणि उत्तर

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो चळवळीतूनच येईल. गरिबांना प्रयोगाचे प्राणी करण्याचा इतिहास या देशात ताजा आहे. आंध्र प्रदेश व गुजरातमधील आदिवासी व गरीब मुलींवरील लस-प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये चाचण्यांच्या परवानगीवर कडक देखरेख बसविली, ती योग्यच होती. मग ज्याला वाचता येत नाही, ऐकू येत नाही, अशा वृद्धाला चाचणीत ओढावयाचे काय?

उत्तर असे की, वृद्ध आजही प्रयोगात आहेत. फक्त त्या प्रयोगाची नोंद होत नाही, त्यांची संमती घेतली जात नाही आणि निकाल कोणी वाचत नाही. न तपासलेले औषध रोज देणे हा प्रयोगच आहे. संमती मातृभाषेत, सावकाश, घरच्यांच्या उपस्थितीत घ्यावी. नकार दिल्यास उपचारात तसूभर फरक पडू नये. इजा झाल्यास भरपाई मिळावी. आणि चाचणी नव्या रसायनाची नसून मुख्यतः आज चालू असलेल्या उपचारांची व्हावी. या अटी पाळल्या तर संरक्षणाच्या नावाखाली वगळणे हेच अधिक अन्यायाचे ठरते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सेवेलाच पैसा पुरत नाही, तेथे संशोधनाला कोठून आणावयाचा? परंतु निरुपयोगी उपचारावर गेलेला प्रत्येक रुपया हा सेवेतूनच गेलेला असतो. संशोधन हा सेवेवरचा भार नव्हे. तिचा हिशेब तपासण्याची ती रीत आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. आयुष्मान भारत आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांच्या खर्चातील शेकडा एक हिस्सा वृद्धांवरील उपचारांच्या सार्वजनिक चाचण्यांसाठी कायद्याने राखून ठेवावा. जिल्हा रुग्णालये व सरकारी वैद्यकीय महाविद्यालये यांचे जाळे या कामासाठी बांधावे. नियमातील ‘अर्थपूर्ण संख्ये’ला आकडा द्यावा, आणि जे औषध मुख्यतः वृद्धांना विकले जाणार आहे त्याच्या चाचणीतील बहुसंख्य रोगी वृद्ध नसतील तर परवाना देऊ नये. चाचणीत रक्तातील आकड्यांबरोबर, रोगी स्वतः उठून संडासला जातो का, स्वतःच्या हाताने जेवतो का, घरच्यांना ओळखतो का, हे मोजावे. कारण वृद्धाला स्वतःला हेच हवे असते. योजनांच्या संगणकात प्रत्येक रोग्याचे वय, उपचार व रक्कम नोंदली जाते. सहा महिन्यांनी तो चालतो का, ही नोंद देयक मंजूर करताना लागत नाही म्हणून ती राहून जाते. ती सक्तीची करावी. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस असा असावा की त्या दिवशी वृद्धाने आपली सर्व औषधे पिशवीत घालून आणावीत आणि डॉक्टरने त्यांतली कोणती बंद करता येतील हे पाहावे. आणि निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा.

यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहत थांबण्यासारखी नाही. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनांत त्या मांडता येतील, जिल्हा रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांत मांडता येतील आणि ज्येष्ठ नागरिक संघांना व कामगार संघटनांना बरोबर घेऊन लढविता येतील. कार्ड मिळविण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या वृद्धाला कार्डाबरोबर हेही कळण्याचा हक्क आहे की, त्यावर मिळणारा उपचार त्याच्यासारख्या माणसाच्या उपयोगी पडल्याचे कोणी पाहिले आहे.